कंपनीचा वास

रोह्यात नवा माणूस आणि मुरलेला माणूस ओळखायची एक सोपी खूण आहे. हवेत वास आला की नवा माणूस विचारतो, "हा कसला वास?" मुरलेला काही विचारत नाही. तो उठतो, खिडकी लावतो आणि परत कामाला लागतो.

मी पेणची. आमच्या घरात शेती सातबाऱ्यावर उरलेली आणि शिक्षक मात्र घरभर. पेणला वास येतो तो गणपतीच्या कारखान्यांतल्या रंगांचा, आणि त्याला कोणी घाबरत नाही. पेणहून रोज गाडीनं येऊन रोह्याच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले तेव्हा पहिला हिवाळा मी धाटावच्या केमिकल कंपन्यांकडून वास आला की ओढणी नाकाला लावून बसायचे. वर्गातली पोरं खुदुखुदु हसायची. त्यांचे बाप, काका, मामा तिकडेच शिफ्टला जाणारे. नुसत्या नाकानं ती सांगायची, "बाई, ह्यो कुजक्या कोबीचा. दुपारपर्यंत राहील." नाहीतर, "ह्यो गोड वास हाय ना, तो लगेच जातो." थंडीत सकाळी कुंडलिका नदीवर धुकं धरतं, तेव्हा वासही खाली बसतो आणि उठता उठत नाही. दुसऱ्या हिवाळ्यात एकदा तसा वास आला आणि मी शिकवता शिकवता, वाक्य न तोडता, खिडकी लावली. नंतर लक्षात आलं तेव्हा मनातून सुखावले होते. म्हटलं, चला, मुरलो आपण.

मी मुळात भित्री आहे. घरी गॅसचं बटण बंद केलं का हे पाहायला पेण स्टेशनवरून परत गेलेली बाई मी. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझ्यापाठी तर अख्खी प्रयोगशाळा होती. मोठ्या बाटल्यांतली आम्लं, तडा गेलेल्या परीक्षानळ्या, स्पिरिटचे दिवे आणि त्यांच्यामध्ये चाळीस मुलं. ही भीती मुलांना कळू नये म्हणून मी खेकसायचे. भिंतीवर मी स्वतःच्या हातानं नियमांचा तक्ता लावला होता. धावू नये. चव घेऊ नये. केस मोकळे सोडू नयेत. वास घ्यायचा तर नाक नळीवर धरू नये, नळी लांब ठेवून हातानं हवा नाकाकडे ढकलावी, तीही जराशी. हे शेवटचं मी प्रत्येक तुकडीकडून दहा-दहा वेळा करून घ्यायचे. पोरं माझी नक्कल करायची, जेवणाच्या सुट्टीत एकमेकांच्या डब्यावर हात हलवून भाजी ओळखायची. मला माहीत होतं, पण मी बोलायचे नाही.

माझं दुसरं पालुपद म्हणजे, आधी बघा, मग अंदाज करा, मग अंदाज खरा आहे का ते पडताळा. पुस्तकात ही गोष्ट मोठमोठ्या शब्दांत आहे. मी म्हणायचे, बाजारात आई वांगं कसं घेते तसं करा. वरून बघते, अंदाज करते, आणि दाबून पाहते. मग पिशवीत टाकते.

त्या दिवशी नववीचा प्रयोग होता. जस्ताचे तुकडे, पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल, नळीच्या तोंडाशी जळती काडी नेली की 'फट्' असा आवाज. मुलांचा आवडता प्रयोग. मी मात्र सकाळपासून चिडलेली होते. गाडी उशिरा आली होती, आम्ल पातळ करायला वेळ कमी मिळाला होता आणि घाईत ते जरा कडकच राहिलं होतं. त्यात प्रयोगशाळेच्या बेसिनातून नाली तुंबल्याची घाण येत होती. शाळेतल्या शिपाई मावशींना मी दारातूनच म्हणाले, "मावशी, त्या बेसिनाचं काहीतरी करा, उभं राहवत नाही." एवढंच म्हणून मी हजेरी घ्यायला गेले. मावशींनी केलं. शाळेच्या टाकीत आणि मोरीत टाकायची टीसीएल पावडर असते ना, ब्लीचिंग पावडर, ती वाटीभर बेसिनात पसरली. काय टाकलं ते मी विचारलं नाही.

तासाच्या शेवटी नळ सोडला तर पाणी नाही. मोटर बंद पडली होती. उरलेलं आम्ल बेसिनात ओतायचं आणि वरून भरपूर पाणी सोडायचं, हाही माझ्याच तक्त्यावरचा नियम. पुढच्या तासाची तुकडी दाराबाहेर कलकलाट करत होती. मी म्हणाले, "ओतून ठेवा, पाणी मागून सोडू." एकेक गट उठला आणि बेसिनात नळ्या रिकाम्या करून आला. मोठ्या चंचुपात्रात उरलेलं आम्लही कोणीतरी ओतलं.

मग वास आला.

"कंपनी!" मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, आणि खिडकीजवळची मुलं उठलीसुद्धा. धाड धाड खिडक्या लागल्या. मीही म्हणाले, "लावा, लावा, पटकन लावा." माझी पाठ फळ्याकडे होती आणि मी प्रयोगाचं अनुमान लिहीत होते.

सगळ्यात कोपऱ्यातल्या, बेसिनाला लागून असलेल्या बाकावर एक मुलगी बसायची. नदीपलीकडच्या अष्टमी गावातली. रोज पूल ओलांडून चालत शाळेत यायची. बारीक, गप्प, प्रश्न विचारायला हात वर करायची तोही अर्धाच. ती उठली. बेसिनापासून हातभर लांब उभी राहिली आणि मी शिकवलं होतं तसा हात हलवून तिनं हवा नाकाकडे घेतली. "बाई, हितं जास्त येतोय," ती म्हणाली.

"जागेवर बस," मी म्हणाले.

ती बसली नाही. दाराशी गेली, दार किलकिलं केलं, डोकं बाहेर काढून वास घेतला आणि परत आली. तिचा आवाज जरा वाढला होता. "बाहेर नाय येत, बाई. आतच हाय."

मला राग आला. आजही आठवतं, तो राग वासाचा नव्हता. रोह्यात येऊन मला जे कळायला दोन हिवाळे लागले ते ही पोरगी खोटं पाडत होती याचा राग होता. "फार शहाणपणा नको. दार लाव आणि जागेवर बस."

तिनं दार लावलं आणि जागेवर जाऊन बसली. तिची जागा बेसिनाच्या कडेला होती.

किती वेळ गेला असेल? मी फळ्यावर तीन ओळी लिहिल्या, एवढाच. खोकल्याचा आवाज एकदम वाढला. माझ्याही घशाला तिखट कळ लागली आणि डोळ्यांतून पाणी आलं. हा कोबीचा वास नव्हता, गोडही नव्हता. धुतलेल्या मोरीचा वास शंभरपट केला तर जसा येईल तसा होता, आणि मला त्याचं नाव माहीत होतं. बीएस्सीला असताना हाच वायू धुराडं असलेल्या कपाटात, काचेआड तयार केला होता. क्लोरीन. मी वळले. बेसिनात पांढरा रेंदा फसफसत होता, आणि ती मुलगी बाकावर डोकं ठेवून खोकत होती. नंतर ती खोकतही नव्हती, नुसती तोंड उघडं टाकून हवा ओढत होती आणि हवा आत जात नव्हती.

मी किंचाळले, "बाहेर! सगळे बाहेर! खिडक्या उघडा!" तक्त्यावर धावू नये लिहिलेलं, आणि चाळीस मुलं धावत सुटली. मी तिच्या काखेत हात घालून तिला ओढत नेलं. ती फार हलकी होती. व्हरांड्यात तिला टेकवून बसवलं तेव्हा तिचे ओठ निळसर दिसले, आणि तिनं माझा दंड इतका घट्ट धरला की मला वाटलं, हिनं हात सोडला की ही गेली.

मुख्याध्यापक सरांनी तिला स्वतःच्या गाडीतून सरकारी दवाखान्यात नेलं, बरोबर मीही गेले. गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत कोणीतरी कुठंतरी फोन केलाच होता, कंपनीतून गॅस सुटला, शाळेतली पोरगी पडली. मी गाडीत बसण्याआधी एक काम केलं. पिण्याच्या पाण्याची बादली उचलली, श्वास रोखून आत गेले आणि बेसिनात पालथी केली. सुरक्षेसाठी केलं की मागमूस धुवायला केलं, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होते. तिला ऑक्सिजन लावता लावता त्यांनी विचारलं, "कुठला गॅस होता?"

सर म्हणाले, "कंपनीचा."

"कंपनीत पन्नास प्रकारचे गॅस असतात," डॉक्टर चिडून म्हणाले. "उपचार कशाचा करू?"

मी म्हणाले, "क्लोरीन." 

"नक्की?"

"वास ओळखीचा आहे."

ते खरं होतं. त्या खऱ्यानं तिचा जीव वाचायला मदत झाली असेल. पण पुढचं अर्धं वाक्य, तो वायू कुठून आला हे, माझ्या घशात होतं आणि मी ते गिळलं. सर बाजूला होते, दारात पालक जमले होते, आणि मला माझी नोकरी दिसली, पेणला बाबांचा चेहरा दिसला, पेपरातली बातमी दिसली. मी घाबरले. याहून मोठं कारण काही नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, या वायूचा त्रास कधीकधी उशिरा वाढतो, फुप्फुसात पाणी होऊ शकतं, चोवीस तास काही सांगता येणार नाही. मी दुपारपासून संध्याकाळपर्यंत बाहेरच्या बाकड्यावर बसले. आतून तिचा खोकला ऐकू आला की मला भीती वाटायची आणि ऐकू आला नाही की त्याहून जास्त. तिची आई पदर तोंडाला लावून माझ्या शेजारी बसली होती. मध्येच तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुमी होत्या म्हणून, बाई. नायतर माझी पोर गेली असती." मी हात काढून घेऊ शकले नाही.

माझा तो एक शब्द तोवर धाटावला पोचला होता. दवाखान्यातून क्लोरीन म्हटल्यावर कंपनीत क्लोरीन कुठं आहे याचा शोध सुरू झाला. तो एकाच ठिकाणी होता. पाणी साफ करायला क्लोरीनचे सिलिंडर लावायचे, त्यांच्या नळ्या तपासायच्या, हे काम सकाळच्या शिफ्टला एकच माणूस करायचा. मुलीचा बाप. गेटवर लोक जमले, आरडाओरडा झाला आणि कंपनीनं चौकशी होईपर्यंत त्याला घरी बसवलं. आपल्याच हातून आपल्याच पोरीवर गॅस सुटला, असं गाव म्हणायला लागलं. हे मला दुसऱ्या दिवशी मावशींनी सांगितलं. सांगून झाल्यावर त्या तिथंच उभ्या राहिल्या.

"बाई, त्या बेसिनात मी टीसीएल टाकलेली. त्याच्यानं तर नाय ना झालं काय?"

चोराच्या मनात चांदणं. मी आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाले, "मावशी, तुम्ही काही चुकलेलं नाही." हेही खरं होतं, आणि अर्धंच होतं.

मुलगी वाचली. दोन दिवसांनी घरी गेली, आठवड्यानं शाळेत आली. चालताना पुलावर दोनदा थांबावं लागतं, म्हणाली. तो आठवडा मी रोज सकाळच्या गाडीत ठरवायचे की आज सरांना सांगायचं, आणि रोज स्टेशनवर उतरताना माझ्याकडे न सांगण्याचं नवं कारण तयार असायचं. कोणी मेलं नाही. कंपनी तरी कुठं धुतल्या तांदळासारखी आहे? आजवर त्यांनी जे सोडलं त्याचा हिशोब कोणी मागितला? हे कारण मला फार आवडायचं, कारण त्यात मी शूरसुद्धा वाटायचे.

शाळेत आली त्याच दिवशी तिनं प्रयोगवही माझ्यापुढे ठेवली. आजारपणात राहिलेला प्रयोग तिनं घरी पूर्ण केला होता. आकृती पट्टीनं काढलेली, अक्षर टपोरं. साहित्य, कृती, निरीक्षण. निरीक्षणात जस्तावर बुडबुडे आले, काडी नेताच फट् आवाज झाला, सगळं बरोबर. खाली आधी काहीतरी लिहून खोडरबरानं पुसलेलं होतं. कागद तिथं खरखरीत झाला होता, पण पेन्सिलीच्या खुणा वाचता येत होत्या. 'बेसिनाजवळ वास जास्त. बाहेर वास नाही.' आणि त्याच्यावर पेनानं, 'प्रयोग चालू असताना बाहेरून कंपनीचा वास आला.'

"हे का पुसलंस?" मी विचारलं.

"माझंच चुकलं असंल, बाई. सगळे म्हणतात ना, बाहेरून आला." मग जरा थांबून ती म्हणाली, "बाबापण म्हणाले, मीच कायतरी विसरलो असेन. त्यांना आता आठवत नाय, वॉल्व्ह नीट बंद केला का."

माझ्या हातात लाल पेन होतं. सहीची जागा मोकळी होती. मला तेव्हा जी भीती वाटली ती आठवडाभराच्या भीतीहून वेगळी होती. या मुलीला मी एकच गोष्ट शिकवली होती, आणि तिनं ती शिकून, चाळीसजणांत एकटीनं करून दाखवली होती. आता माझ्यामुळे ती आपल्या नाकावर विश्वास ठेवायचं सोडत होती, आणि तिचा बाप आपल्या हातांवर. मी सही केली नाही. वही मिटली आणि सरांकडे गेले.

सर वाईट नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं, दार लावलं आणि म्हणाले, "बाई, विषय मिटत आलाय. शाळेचं नाव आहे. उकरून कोणाचं भलं?" मी म्हणाले, "तिच्या वडिलांचं." त्यांनी खणातून कोरे कागद काढून माझ्यापुढे ठेवले. मग म्हणाले, "लिहून द्या. सहीनिशी द्या. मी अडवणार नाही."

लिहिताना दोन कागद फुकट गेले. एक प्रत सरांना दिली, एक दवाखान्यात डॉक्टरांना, आणि तिसरी घेऊन संध्याकाळी अष्टमीला गेले. बाप दारातच बसला होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. बेसिन, पावडर, नसलेलं पाणी, खिडक्या, आणि त्याची पोरगी दोनदा सांगत असताना मी तिला कुठं बसवलं ते. आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मी आठ दिवस रोज मनातल्या मनात तो वॉल्व्ह बंद करतोय, बाई. झोपेतपण. आणि तुमाला पहिल्या दिवशीच म्हाईत व्हतं?"

"हो," मी म्हणाले.

त्यानं कागद घेतला, घडी न करता हातात धरून राहिला. मला बसा म्हणाला नाही. मी पुलावरून चालत परत आले आणि रडले, आणि पुलावरची माणसं पाहत होती तरी थांबता आलं नाही.

तो कामावर परत गेला. माझी चौकशी झाली, ताकीद मिळाली, ती सेवापुस्तकात आहे आणि असायलाच हवी. काही पालकांनी आपली मुलं दुसऱ्या शाळेत घातली. मुलीची आई रस्त्यात भेटली की दुसरीकडे बघते. वर्गाला मी स्वतः सांगितलं, फळ्यापाशी उभं राहून, काही न गाळता. कोपऱ्यातल्या मुलीनं मान वर केली नाही. नंतर तिनं वही परत मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी आणून ठेवली. पुसलेलं पुन्हा लिहिलं होतं, या वेळी पेनानं. मी सही केली.

तो बाक मी बेसिनापासून हलवून दाराशी ठेवला. बेसिनात काय टाकलंय हे आता मी मावशींना रोज विचारते, त्या वैतागतात. नियमांच्या तक्त्यावर एक ओळ वाढवली आहे, खिडकी लावण्याआधी वास कुठून येतो ते शोधा.

मागच्या महिन्यात दहावीचा प्रयोग चालू होता. तीच मुलं, वर्षानं मोठी झालेली. बाहेर धुकं होतं. एकदम वास आला, उग्र, नाकात चढणारा. मी हातातली नळी स्टँडमध्ये ठेवली. खिडकीपाशी बसलेली मुलं खिडकीला हात न लावता बसून राहिली. कोणी "कंपनी" म्हणालं नाही. सगळ्यांनी मागे वळून दाराशी बसलेल्या मुलीकडे पाहिलं.

ती उठली आणि बेसिनाकडे जायला निघाली. मला ओरडावंसं वाटलं, नको जाऊस तिकडे. मी धावत, हो, धावतच, तिच्या पुढे गेले आणि बेसिनापाशी आधी मी उभी राहिले. ती माझ्यामागे हातभर लांब थांबली. आम्ही दोघींनी हात हलवून हवा घेतली. मग ती दाराबाहेर गेली. ती दिसत नव्हती तेवढा वेळ मी तिच्या खोकल्याची वाट पाहत होते.

ती परत आली. पूर्वी हात अर्धा वर करायची, आता तिनं हात वर केलाच नाही, सरळ बोलली.

"ह्या टायमाला बाहेरूनच हाय. लावा खिडक्या."

मुलांनी खिडक्या लावल्या. माझ्या शेजारची एक राहिली होती. ती मी लावली.